खाण्यावरचे कायदे उलटतात का? शाळेजवळच्या खाऊबंदीच्या ठरावाबद्दल सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी उत्तर कशाचं देतोय ते स्पष्ट राहील. करवीर तालुक्यातल्या तुमच्या गावात शाळेच्या रस्त्यावर वेफर्सची पाकिटं, बॉबीच्या पिशव्या, कोल्ड्रिंक आणि संध्याकाळी चायनीजचा गाडा असं सगळं आहे. या सगळ्याच्या विक्रीवर गावात पूर्ण बंदी घालावी आणि सरकारनंही राज्यभर तसा कडक कायदा करावा, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीला ग्रामसभेत आणायचाय. समितीतल्या एका सदस्यांनी हरकत घेतली की लोकांनी काय खावं यावरचे कायदे नेहमी उलटतात. त्यांचं म्हणणं खरं आहे का, आणि असेल तर समितीनं काय करावं, हे तुम्ही विचारलंय.

मी फूड टेक्नॉलॉजीवाला माणूस आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर भागातल्या बेकऱ्या, फरसाणवाले, गूळ उत्पादक आणि शाळांची उपाहारगृहं यांना सल्ला देण्याचं काम बरीच वर्षं करतोय. खाण्याबद्दलचा नवा नियम निघाला की माझा फोन वाजायला लागतो. नियम वाचायचा, मालकाला समजावायचा आणि त्याच्या कढईत किंवा भट्टीत तो बसवून द्यायचा, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे कायदा करताना काय बोललं गेलं यापेक्षा, तो लागू झाल्यावर दुकानाच्या मागच्या खोलीत काय झालं हे मला जास्त माहीत आहे. त्यावरूनच लिहितोय.

तुमचे सदस्य अर्धे बरोबर आहेत. काही कायदे वाईट रीतीनं उलटले. काही मात्र इतके बिनबोभाट यशस्वी झाले की ते कायदे आहेत हेच लोक विसरून गेले. दोन्हींतला फरक ओळखता आला तर तुमच्या ठरावाचं काय करायचं ते आपोआप ठरेल.

आपल्या दारातलंच उदाहरण घेऊ. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रानं गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. अन्न सुरक्षा कायद्यात अशी बंदी एका वर्षासाठी घालता येते, म्हणून तेव्हापासून दरवर्षी नवा आदेश निघतो. हेतूबद्दल शंका नाही. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण ज्यानं जवळून पाहिलेत तो या बंदीला विरोध करणार नाही. पण कोल्हापूरचा नकाशा बघा. कागल ओलांडलं की कर्नाटकातलं कोगनोळी, आणि पुढं निपाणी, म्हणजे तंबाखूचीच बाजारपेठ. वर्षभरानं, २०१३ मध्ये, कर्नाटकातही गुटखाबंदी आली. मग कंपन्यांनी दोन पुड्या काढल्या. एकीत सुपारीचा मसाला, दुसरीत नुसती तंबाखू. कागदोपत्री दोन्ही वेगळ्या वस्तू, पण खाणारा एकाच तळहातावर दोन्ही ओततो. महाराष्ट्रात पानमसालाही बंद असला तरी हद्दीपलीकडून माल येत राहिला, आणि बंदीच्या मालाची किंमत टपरीवाल्याच्या मर्जीवर गेली.

त्याहून मोठा बदल मला मावा दिसतो. कोल्हापूर-सांगलीकडं मावा आधीपासून होताच. बंदीनंतर गुटख्याची मोकळी झालेली जागा त्यानं भरली. सुपारी, तंबाखू, चुना टपरीवरच घोटायचा, प्लॅस्टिकच्या तुकड्यात बांधायचा आणि द्यायचा. गुटख्याच्या पुडीवर निदान धोक्याचं चित्र होतं, बनवणाऱ्याचा पत्ता होता, नमुना उचलायचा तर बॅच नंबर होता. माव्यावर काहीच नाही. सरकारनं पुढच्या आदेशांत मावाही घातला, पण ज्याला ना कारखाना, ना पाकीट, त्याच्यावर बंदी राबवायची म्हणजे प्रत्येक टपरीवर माणूस उभा करायला हवा. शाळा-कॉलेजांच्या शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, हा नियम तर २००३च्या तंबाखूविरोधी कायद्यातलाच. तो कुठं कसा पाळला जातो ते तुम्ही तुमच्या रस्त्यावर बघतच असाल.

यावरून गुटखाबंदी पूर्ण फसली असं मात्र मी म्हणणार नाही, आणि तुमच्या सदस्यांनीही म्हणू नये. तंबाखूच्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात कोणत्याही रूपात तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होतं, ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आलं. त्यात बंदीचा वाटा किती, करांचा किती, जागृतीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण पोरांच्या हाती दोन रुपयांत सहज लागणारी झगमगीत पुडी उघड्या दोरीवरून आत गेली, हा फायदा खराच आहे. उरले ते खाणारे मात्र आधीपेक्षा बेभरवशाच्या मालाकडं गेले. बंदीनं कुणाला वाचवलं आणि कुणाला ढकललं, हे दोन्ही मोजायला हवं.

आता एकदम लांब जाऊ, डेन्मार्कला. एकाच देशानं खाण्यातल्या चरबीवर दोन कायदे केले आणि दोघांचं नशीब अगदी उलटं निघालं, म्हणून हे उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथं संपृक्त चरबीवर (लोण्या-चीजमध्ये असते ती सॅच्युरेटेड फॅट) कर लागला. ज्या पदार्थात २.३ टक्क्यांपेक्षा जास्त संपृक्त चरबी, त्यावर अशा चरबीच्या किलोमागं १६ क्रोनर. लोणी, चीज, मांस, तेल, सगळं महागलं. लोकांनी काय केलं? काहींनी लोणी कमी केलं हे खरं. पण काही जण स्वस्त दुकानांकडं वळले आणि काही जण गाडी काढून जर्मनीत आणि स्वीडनमध्ये खरेदीला जायला लागले. कर मोजायची कटकट व्यापाऱ्यांना नकोशी झाली. जानेवारी २०१३ पासून तो रद्द झाला. म्हणजे जेमतेम सव्वा वर्ष टिकला. साखरेवरच्या कराचा बेत होता, तोही त्यासोबतच गुंडाळला गेला. हद्दीवर राहणाऱ्या कोल्हापूरकराला यात नवल वाटायचं कारण नाही. पेट्रोलच्या भावात दोन-चार रुपयांचा फरक पडला तरी आपल्याकडं गाड्या कुठल्या पंपाकडं वळतात ते सगळ्यांना माहीत आहे.

याच डेन्मार्कनं २००३ मध्ये दुसरा नियम केला होता. तेला-तुपातल्या चरबीत कारखान्यात तयार झालेली ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला घातक चरबी) शंभर ग्रॅमला दोन ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. असं करणारा तो पहिला देश. त्या नियमासाठी कुणी हद्द ओलांडून गेलं नाही. कारण खाणाऱ्याला काही सोडावंच लागलं नाही. बिस्किट तेच, केक तोच, फक्त आतली चरबी बदलली. बदल कारखान्याच्या टाकीत झाला, गिऱ्हाइकाच्या ताटात कळलासुद्धा नाही.

आपल्याकडं हाच नियम जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के असा लागू झाला, आणि तो बेकऱ्यांत उतरताना मी स्वतः पाहिलाय. आपल्या खारीला पापुद्रे सुटायला घट्ट चरबी लागते. मे महिन्याच्या उकाड्यात टेबलावर पीठ लाटताना ती वितळून चालत नाही. वर्षानुवर्षं हे काम वनस्पती तूप करायचं, आणि ट्रान्स फॅटचं मूळ तिथंच. नियम आल्यावर बेकरीवाले घाबरले. एका मालकांनी मला विचारलं, 'साहेब, आता खारी बंद करायची व्हय?' बंद काही करावी लागली नाही. चरबी पुरवणाऱ्यांनीच माल बदलला, कारण नियमाचा धाक मुळात त्यांना होता. सुरुवातीला काही भट्ट्यांत खारी जरा तेलकट व्हायची, पापुद्रे चिकटायचे. पीठ गार ठेवायचं, घड्या कमी-जास्त करायच्या, असं करत दोन-तीन महिन्यांत हात बसला. गिऱ्हाइकानं कधी विचारलंही नाही.

पण इथंही एक न मागितलेला परिणाम आहेच. नव्या चरब्या बहुतेक पामतेलापासून येतात, आणि पामतेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. ट्रान्स फॅटपेक्षा ती नक्की बरी, पण निरुपद्रवी नव्हे. पाकिटावर 'ट्रान्स फॅट ०' दिसलं की लोक समजतात की खारी आता पथ्याची झाली. मधुमेहाची एक बाई मला म्हणाल्या, 'आता खारी चालते की हो, सरकारनं सुधारलीय.' चांगल्या नियमाचाही लोक असा अर्थ लावतात, म्हणून त्याच्यासोबत सांगणारं माणूस लागतं. मला तरी हे नुकसान सोसण्याजोगं वाटतं. अमेरिकेत याहून मोठा फेरा झाला होता. ऐंशीच्या दशकात संपृक्त चरबीविरुद्ध तिथं मोहीम झाली, तेव्हा मोठमोठ्या हॉटेल-साखळ्यांनी प्राण्यांची चरबी सोडून हायड्रोजनेटेड तेलं धरली, म्हणजे ट्रान्स फॅटच. ती काढून टाकायचा सरकारी निर्णय व्हायला २०१५ उजाडलं. एक वाईट गोष्ट घालवताना तिच्या जागी काय येणार हे न विचारल्याची ही किंमत होती.

आयोडीनयुक्त मिठाची गोष्ट थोडक्यात सांगतो. साध्या मिठाच्या विक्रीवरची बंदी २००० साली उठवली गेली, मे २००६ पासून पुन्हा लागू झाली, आणि २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ९० टक्क्यांहून जास्त घरांत आयोडीनवालं मीठ सापडलं. चव तीच, सवय तीच, किंमत आवाक्यात. याच्या उलट लाखोडी डाळ. जास्त खाल्ल्यानं पायांना लुळेपणा येतो म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पण कोरडवाहू रानात, बिनपाण्याचं येणारं ते गरिबाचं पीक. विदर्भ-छत्तीसगडात ते पेरलं जात राहिलं, आणि उघड विकता येत नाही म्हटल्यावर बेसनात आणि तुरीच्या डाळीत मिसळलं गेलं. ज्यानं लाखोडी कधी मागितली नाही त्याच्या भज्यांत ती पोचली. बेसन तपासायला आलं की आम्ही आजही आधी तीच शोधतो.

कराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या सरकारकडच्या मागणीत ते येणारच, म्हणून लिहितो. मेक्सिकोनं २०१४ पासून गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला आणि खप खरोखर उतरला, गरीब घरांत जास्त. ब्रिटनचा कर एप्रिल २०१८ मध्ये लागू झाला, पण तो दोन वर्षं आधी जाहीर केला होता आणि साखरेच्या प्रमाणानुसार पायऱ्या होत्या. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमच्या आत रहा, कर शून्य. कंपन्यांनी कर लागायच्या आधीच साखर उतरवली. आपला जीएसटी मात्र साखर मोजत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोल्ड्रिंकवर ४० टक्के लागतात, त्यात साखर असो वा बिनसाखरेचं असो. आणि बिनगॅसच्या फळांच्या पेयांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे भरपूर साखर घातलेलं आंब्याचं पेय ५ टक्क्यांत आणि बिनसाखरेचं डाएट कोल्ड्रिंक ४० टक्क्यांत. फरसाण, चॉकलेट, बिस्किटंही ५ टक्क्यांवर आली. दर स्वस्त करायला माझी हरकत नाही, पण पोरगं कोल्ड्रिंक महाग म्हणून आंब्याच्या बाटलीकडं वळलं आणि आई निश्चिंत झाली, तर त्या कराचं आरोग्याशी नातं उरत नाही.

आता तुमच्या ठरावाकडं. त्यात 'जंक फूड' असा शब्द आहे, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. त्याची व्याख्या तुम्ही दोन तऱ्हांनी करू शकता. पाकीटबंद माल म्हणजे जंक, असं लिहिलंत तर छापील पाकीट जाईल. त्या पाकिटावर घटक होते, तारीख होती, चौदा आकडी परवाना क्रमांक होता. त्याच्या जागी सुटी बॉबी येईल, पारदर्शक पिशवीत, रबर लावलेली. तिच्यात रंग कुठला घातलाय, तेल कितव्यांदा तापवलंय, कुणीच सांगू शकणार नाही. तळणाच्या तेलाला जुलै २०१८ पासून मर्यादा आहे, पण ती मोजायची तर तेल सापडायला हवं. दुसरी तऱ्हा म्हणजे साखर, मीठ, चरबीचं प्रमाण धरून व्याख्या करायची. ती शास्त्राला धरून आहे, पण तिच्यात आपली शेंगदाण्याची चिक्की, तिळाचा लाडू आणि शिरासुद्धा अडकेल. मग ग्रामसभेत पहिलं भांडण त्यावरूनच होईल आणि सगळा ठराव हास्यास्पद ठरवला जाईल. याद्या करून पाहिल्यात. २०१७ मध्ये राज्य सरकारनं शाळांच्या उपाहारगृहात काय नको आणि काय हवं याच्या याद्या काढल्याच होत्या. उपाहारगृह असलेल्या शहरी शाळांत त्यांचा थोडा उपयोग झाला. तुमच्या शाळेत उपाहारगृहच नाही.

मुळात तुम्ही मागताय त्यातला काही भाग कायद्यात आधीच आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या शालेय नियमांप्रमाणे चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. मी पाहिलेल्या शाळांत याचा परिणाम असा झाला की जिथं मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तिथं गाडा सत्तर-ऐंशी मीटरवर सरकला. एका ठिकाणी तो मुख्य रस्त्याच्या पलीकडं गेला आणि मधल्या सुट्टीत पोरं वाहनांतून पळत रस्ता ओलांडायला लागली. पालकांनीच मग गाडा परत अलीकडं घ्यायला लावला. घरून येणाऱ्या डब्यावर तर कुठलाच नियम नाही, आणि नसावा. इंग्लंडमध्ये २००६ मध्ये शाळेच्या जेवणाचे नियम कडक झाले, तेव्हा रॉमार्श नावाच्या गावात काही आयांनी शाळेच्या गजांमधून पोरांना बर्गर आणि तळलेल्या बटाट्याच्या फोडी (फ्रेंच फ्राईज) पोचवल्या. आपल्या लेकराचं पोट भरत नाहीये एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांना वाईट ठरवून प्रश्न सुटला नसता.

आणि काही परिणाम तर अशा ठिकाणी निघतात जिथं कुणी बघतही नसतं. मार्च २०१५ पासून राज्यात गाईसोबत बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तो कायदा हवा की नको, हा वाद मी इथं करत नाही. त्याला श्रद्धेची बाजू आहे आणि तुमचा प्रश्न तो नाही. पण आपल्या सुभाषनगरात, जवाहरनगरात चप्पल करणाऱ्यांना विचारा. बैलाचं चामडं मिळेनासं झालं, मिळतं ते बाहेरच्या राज्यांतून आणि महाग. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा कारागीर मात्र कच्च्या मालासाठी धावत होते. ताटाबद्दलचा कायदा करताना पायताणाचा विचार कुणाच्या डोक्यात येणार? म्हणूनच मी नेहमी सांगतो, ठराव करायच्या आधी त्या वस्तूवर कोणाकोणाचं पोट आहे याची यादी करा.

बंगालमध्येही हे झालंय. १९६५ मध्ये दुधाची टंचाई होती, म्हणून प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारनं छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली. संदेश, रसगुल्ला बंद. दूध लेकरांना मिळावं हाच हेतू. पण हलवाई आणि त्यांचे कारागीर उघड्यावर आले आणि मिठाई चोरून विकली जायला लागली. त्याच सुमारास लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्री एक वेळ जेवण सोडा, असं नुसतं आवाहन केलं होतं. दंड नव्हता, शिक्षा नव्हती, तरी घराघरांत चूल पेटली नाही, आणि हॉटेलंही बंद राहिली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ते अजून आठवतं. कारण सांगणारा स्वतः ते पाळत होता.

इतकं सगळं मी बंदीविरुद्ध लिहितोय असं वाटू देऊ नका. माझ्या अनुभवातून निघालेला ठोकताळा असा: नियम बनवणाऱ्याला किंवा पुरवणाऱ्याला धरतो आणि खाणाऱ्याला तीच चव, तोच दाम ठेवतो, तेव्हा तो टिकतो. तो खाणाऱ्याच्या हातातून वस्तू काढून घेतो आणि त्या जागी काही ठेवत नाही, तेव्हा ती जागा कुणीतरी भरतोच, आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा वाईट मालानं भरतो. हद्द जवळ असेल, वस्तू घरात किंवा टपरीवर बनवता येत असेल आणि तपासणारे मोजके असतील, तर हे आणखी लवकर होतं. तुमच्या गावात तिन्ही लागू पडतात.

पण तुमच्या गावाबद्दल काही गोष्टी मला माहीत नाहीत, आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. तुमची पोरं सकाळी काय खाऊन येतात? सकाळची शाळा असेल तर बरीच लेकरं चहा-बटरवरच निघतात आणि साडेनऊला भुकेनं कासावीस होतात. शालेय पोषण आहार किती वाजता मिळतो? त्यात पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण ठरलेलं आहे. खिचडी वेळेवर आणि चवीची असेल तर फाटकाबाहेरची गर्दी निम्मी होते, हे मी पाहिलंय. आठवीच्या पुढच्या मुलांना तो आहार नाही, आणि गाड्यावर जास्त गर्दी त्याच वयाची असते. वेफर्स विकणारी ती टपरी कुणाची आहे? गावातल्या विधवा बाईची असेल तर ठरावाचा पहिला घाव तिच्यावर बसेल, आणि त्यानं गाव दुभंगेल.

ठरावाच्या जोराबद्दलही सांगतो. परवानाधारक दुकानदार कायद्यानं विकता येणारी वस्तू विकत असेल, तर ग्रामसभेला त्याला सक्तीनं थांबवता येईल का, हे वकिलाला विचारा. मी वकील नाही. पण पन्नास मीटरचा नियम आधीच आहे, तंबाखूचा शंभर यार्डांचा नियम आधीच आहे. यांची अंमलबजावणी मागणारा ठराव पक्क्या जमिनीवर उभा राहतो आणि त्याला कुणी आव्हान देऊ शकत नाही. नवी बंदी मागण्यापेक्षा मी आधी हे करेन. आणि त्यात तंबाखू पहिली घ्या, वेफर्स नंतर. मावा आणि वेफर्स यांना एकाच ठरावात बसवलंत तर दोन्हींचं गांभीर्य जातं.

मग जागा भरायची. बचत गटातल्या बायकांना मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना फाटकाच्या आत एक टेबल द्या. उकडलेले हरभरे, कांदा-लिंबू मारलेली मटकी, नाचणीचं थालीपीठ, केळी, उकडलेली अंडी, ज्यांना चालतात त्यांच्यासाठी. चवीत हात आखडू नका. कोल्हापूरच्या पोरांना फिकं देऊन ती गाड्याकडं वळली तर दोष पोरांचा नाही. मटकीवर कांदा-लसूण चटणी घाला, झणझणीत करा, फक्त तेल-मीठ मापात ठेवा. दर पाकिटाइतकाच, म्हणजे पाच-दहा रुपये. टेबल चालवणाऱ्यांची अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या, आणि सुरुवातीला त्या टपरीवाल्या बाईंनाच विचारा, 'हे तुम्ही विकाल का?' मी सल्ला दिलेल्या एका शाळेत असंच झालं. विकणारा तोच राहिला, त्यामुळे वैर झालं नाही. वेफर्स पूर्ण गेले नाहीत, पण मटकी आधी संपायला लागली.

चायनीजचा गाडा संध्याकाळचा आहे, शाळा सुटल्यानंतरचा. तो शाळा समितीच्या आवाक्यातला नाही, तिथं शक्ती घालवू नका. फार तर गाडेवाल्याला भेटून रोजचं तेल रोज बदलायला आणि रंग टाकायचं थांबवायला सांगा. समजावून सांगितलं की बरेच ऐकतात. त्यांचीही पोरं त्याच शाळेत असतात.

आणि सगळ्यात आधी, या आठवड्यातच, शाळेतलं पिण्याचं पाणी बघा. टाकी कधी धुतली, नळाला चव कशी आहे, उन्हाळ्यात ते गार असतं का, मुलींना तिथं गर्दीत पोचता येतं का. उन्हातून खेळून आलेलं पोरगं गारव्यासाठी बाटली उचलतं, साखरेसाठी नव्हे. निदान पहिल्यांदा तरी. दोन मोठे माठ, झाकण, लांब दांड्याचं ओगराळं आणि रोज भरणारा एक माणूस, एवढा खर्च ग्रामपंचायत आजच्या आज करू शकते. ठरावाचा पहिला मुद्दा हाच ठेवा. त्याला ग्रामसभेत कुणीही विरोध करणार नाही. मसुदा तयार झाला की इथं टाका, मी वाचून कुठला शब्द कुठं अडेल ते सांगतो.